काडतुसे कुठून घ्यावीत: जवळच्या छोट्या दुकानातून की मोठ्या सवलतीच्या दुकानातून?

प्रश्न थोडक्यात असा. टेक्सासमध्ये राहणाऱ्या, ग्रीन कार्ड असलेल्या एका मराठी गृहस्थांनी नुकतेच ९ एमएमचे पिस्तूल आणि .२२ ची सेमी-ऑटो रायफल घेतली आहे. महिन्यातून दोनदा नेमबाजीच्या रेंजवर जातात. हिवाळ्यात .३०८ रायफल घेऊन हरणाच्या शिकारीला जायचा बेत आहे. घराजवळचा छोटा बंदूक-दुकानदार ९ एमएमच्या ५० च्या बॉक्सला मोठ्या दुकानापेक्षा तीन डॉलर जास्त लावतो. ते जास्तीचे तीन डॉलर का द्यायचे, असे ते विचारतात.

माझे उत्तर असे: आपल्या बंदुकीला कोणते काडतूस मानवते हे ठरेपर्यंत सगळी खरेदी छोट्या दुकानातून करा. ठरले की सरावाचा माल केसने (म्हणजे हजार काडतुसांच्या खोक्याने), जिथे स्वस्त मिळेल तिथून घ्या. शिकारीचा आणि स्वसंरक्षणाचा माल मात्र नंतरही छोट्या दुकानातूनच घेतलेला बरा. बहुतेक जण नेमके उलटे करतात. आधी स्वस्त पाहून हजारची केस आणतात आणि मग ती बंदुकीत अडकू लागली की छोट्या दुकानदाराकडे जाऊन उपाय विचारतात.

पण भावाआधी कायदा, कारण आपल्या लोकांची खरी चूक तिथे होते. एच-१बी, एल-१, एफ-१, एच-४ अशा कोणत्याही नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच नव्हे, एक काडतूस बाळगायलाही मनाई आहे. अपवाद मोजके आहेत. त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ग्रीन कार्डवाल्याला ही मनाई लागू नाही. पण भारतातून बी-२ व्हिसावर आलेल्या आई-बाबांना किंवा एच-१बीवरच्या मित्राला ‘एक गंमत’ म्हणून रेंजवर नेऊन हातात भरलेले पिस्तूल देणे हा त्यांचा गुन्हा ठरतो, आणि जाणूनबुजून दिलेत तर तुमचाही. शस्त्रासंबंधीची शिक्षा ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढण्याचे कारण होऊ शकते, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. वयाची अट सोपी आहे: परवानाधारक विक्रेता रायफल आणि शॉटगनची काडतुसे १८ च्या खाली देत नाही, पिस्तुलाची २१ च्या खाली.

टेक्सासमध्ये काडतुसे घ्यायला वेगळे कार्ड लागत नाही आणि ती घरपोच येतात. इतर राज्यांत राहणाऱ्यांनी मात्र हे गृहीत धरू नये. इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड (बंदूक बाळगणाऱ्याचे राज्याचे ओळखपत्र) लागते, न्यू जर्सीत पिस्तुलाच्या काडतुसांसाठी बंदूक खरेदीचे राज्याचे ओळखपत्र. कॅलिफोर्नियाने २०१९ पासून आणि न्यूयॉर्कने २०२३ पासून काडतुसांच्या खरेदीलाही पार्श्वभूमी तपासणी लावली, आणि कॅलिफोर्नियात २०२४ पासून वर ११ टक्के राज्य कर आला. असे नियम न्यायालयांत सतत आव्हानात असतात, तेव्हा खरेदीच्या आठवड्यात दुकानदाराला विचारा. आजचा नियम त्याला ठाऊक असावाच लागतो.

आता भाव. छोटा दुकानदार लुबाडतो असे वाटते, पण तो घाऊक व्यापाऱ्याकडून पाच-दहा केस घेतो आणि मोठी साखळी कारखान्याकडून ट्रकभर. मोठ्या दुकानाचा किरकोळ भाव कित्येकदा छोट्याच्या खरेदीच्या भावाइतकाच असतो. ११ टक्के केंद्रीय अबकारी कर (१९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याचा, जो वन्यजीव संवर्धनाला जातो) कारखान्यातच भरला जातो, म्हणून तो दोघांच्याही भावात आधीच मिसळलेला असतो. इंटरनेटवरची स्वस्त दुकाने शक्य झाली ती १९८६ च्या कायद्यामुळे. त्याने काडतुसांची आंतरराज्य घरपोच विक्री पुन्हा मोकळी केली आणि निव्वळ काडतुसे विकायला केंद्रीय परवान्याची अट काढली.

हिशेब एकदा कागदावर मांडा. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे घाला. छोट्या दुकानात बॉक्स १६ डॉलर, म्हणजे गोळी ३२ सेंट, हजाराचे ३२०. मोठ्या दुकानात १३ डॉलर, गोळी २६ सेंट, हजाराचे २६०. ऑनलाइन गोळी साडेतेवीस सेंट, हजाराचे २३५, वर पाठवणी २० डॉलर. हजार ९ एमएमचे वजन बारा-तेरा किलो भरते, त्यामुळे पाठवणी फुकट दिसली तर ती भावात घातलेली असते. टेक्सासच्या मोठ्या शहरांतला ८.२५ टक्के विक्रीकर धरला की अनुक्रमे सुमारे ३४६, २८१ आणि २७६ डॉलर होतात. म्हणजे ऑनलाइन आणि मोठे दुकान यांत जेमतेम पाच डॉलरचा फरक. तेवढ्यासाठी दारातून बारा किलोचे खोके चोरीला जाण्याचा धोका घेण्यात अर्थ नाही. आणि छोट्या दुकानदाराला ‘पूर्ण केस घेतली तर काय लावाल?’ असे विचारायला संकोचू नका. त्याने दहा टक्के सोडले तर करासह ३१२ च्या आसपास येते, आणि हजारामागचा फरक ६५ वरून ३० डॉलरवर उतरतो. असे तो आपणहून सांगत नाही, विचारावे लागते.

मोठे दुकान म्हणजे कोणते, हेही पाहा. वॉलमार्टने २०१९ च्या सप्टेंबरात पिस्तुलाची आणि .२२३/५.५६ ची काडतुसे साठा संपेपर्यंतच विकायचे जाहीर केले. तिथे आता .२२, शॉटगनची आणि शिकारी रायफलची काडतुसे मिळतात, तुमची ९ एमएम नाहीत. ती लागतील तर ॲकॅडमी, बास प्रो, कॅबेलाज अशी खेळ-शिकारीची साखळी किंवा ऑनलाइन. काही साखळ्या स्वतःच्या नावाचा माल ठेवतात. तो वाईट नसतो, पण आत कोणत्या कारखान्याचा माल आहे हे एका खेपेपासून दुसऱ्या खेपेला बदलू शकते. तुमचा आवडता बॉक्स सहा महिन्यांनी तसाच दिसेल, आतले काडतूस वेगळे वागेल.

पहिली खरेदी अशी करा. छोट्या दुकानात ९ एमएमचे पाच वेगवेगळे बॉक्स घ्या: ११५ ग्रेनचे (ग्रेन हे वजनाचे माप, इथे गोळीच्या) तीन कंपन्यांचे, १२४ ग्रेनचे एक, १४७ ग्रेनचे एक. सगळे पितळी पुंगळीचे, एफएमजे म्हणजे पूर्ण आवरणाच्या गोळीचे. बॉक्सवर ‘९ एमएम लुगर’ किंवा ‘९ x १९’ लिहिलेले असले पाहिजे. .३८० ऑटोच्या परदेशी बॉक्सवर ‘९ एमएम कुर्झ’ किंवा ‘९ एमएम ब्राउनिंग कोर्ट’ असे छापलेले असते, आणि घाईत ‘९ एमएम’ एवढेच वाचून ते उचलले जाते. मकारोव या रशियन पिस्तुलाचे ९ x १८ तिसरेच. छोट्या दुकानात पिस्तुलाचे नाव सांगितले की माणूस हाताने योग्य बॉक्स काढून देतो. मोठ्या दुकानात कपाट उघडणारा कर्मचारी कालपर्यंत मासेमारीच्या विभागात असू शकतो. काडतुसे बहुतेक दुकाने परत घेत नाहीत, म्हणून ही चूक काउंटरवरच पकडावी लागते. पाच बॉक्सना जादा गेले पंधरा डॉलर. न मानवणारी केस घरी येऊन पडली तर अडीचशे अडकतात.

रेंजवर प्रत्येक प्रकाराच्या दहा-दहा गोळ्या वाळूच्या पिशवीवर हात टेकवून १५ यार्डांवरून वेगळ्या कागदावर मारा, उरलेल्या नेहमीसारख्या. कागदावर मार्करने बॉक्सचे नाव, ग्रेन आणि लॉट नंबर (कारखान्यातल्या एका खेपेचा क्रमांक) लिहा. तीन गोष्टी नोंदवा: ग्रुपचा, म्हणजे कागदावरच्या छिद्रांच्या पुंजक्याचा, आकार, रिकामी पुंगळी किती अंतरावर आणि कोणत्या बाजूला पडते, आणि शेवटची गोळी सुटल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे थांबते की नाही. स्लाइड थांबत नसेल, पुंगळ्या पायाशी पडत असतील, तर त्या पिस्तुलाला तो माल अशक्त पडतोय. नवे, घट्ट स्प्रिंगचे पिस्तूल हलक्या ११५ ग्रेनच्या स्वस्त मालावर अडते आणि १२४ वर सुरळीत चालते, असे पुष्कळदा दिसते. दोष पिस्तुलाचा समजून लोक दुरुस्तीला पाठवतात.

.२२ ची गोष्ट याहून नाजूक आहे, आणि इथे छोटे दुकान आपली किंमत वसूल करून देते. .२२ मध्ये प्रायमर (बुडाची पेट घेणारी छोटी टोपी) वेगळा बसवलेला नसतो. स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेत फिरवून भरलेला असतो. कडेत कुठे मसाला पोहोचला नाही आणि पिन नेमकी तिथे आपटली की गोळी उडत नाही. मोठ्या दुकानातले ५०० च्या आसपासचे सुटे बल्क खोके स्वस्त असते, पण आत गोळ्या एकमेकींवर आपटत आलेल्या असतात, शिशाला टवके, वरचे मेण पुसलेले. डबे-बाटल्यांवर सराव करायला ते ठीक. कागदावर नेम बघायचा असेल तर ट्रेमध्ये उभ्या लावलेल्या ५० च्या बॉक्सचा माल घ्या. दहा बॉक्सची एक ब्रिक म्हणजे ५००, दहा ब्रिकची केस म्हणजे ५०००. सेमी-ऑटोसाठी हाय व्हेलॉसिटी, साधारण १२०० फूट प्रति सेकंद. १०७० च्या स्टँडर्ड व्हेलॉसिटीवर काही रायफली बोल्ट (काडतूस भरणारा सरकता भाग) पुरता मागे ढकलत नाहीत.

.२२ चा ब्रँड बदलला की पहिल्या दहा-वीस गोळ्या मोजू नका. नळीत आधीच्या मेणाचा थर असतो, तो नव्याने बदलेपर्यंत ग्रुप पसरलेलाच राहतो. मग ५० यार्डांवर पाच-पाचचे पाच ग्रुप मारा आणि सरासरी पाहा, सर्वांत सुंदर एक कागद नव्हे. जो लॉट बसला त्याच लॉटच्या ब्रिक दुसऱ्याच दिवशी जाऊन घ्या. छोटा दुकानदार मागच्या कपाटातून लॉट नंबर जुळवून देतो, आणि पुढच्या आठवड्यापर्यंत बाजूला काढूनही ठेवतो. एकाच कंपनीचे, एकाच नावाचे दोन लॉट एकाच नळीत वेगळे वागतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ज्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवले, ती .२२ चीच स्पर्धा. त्या पातळीवरचे नेमबाज आपली रायफल घेऊन काडतूस कंपन्यांच्या चाचणी केंद्रात जातात, एकामागून एक लॉट मारून पाहतात आणि जुळलेला लॉट घेऊन येतात. तुम्हाला तितक्या खोलात जायचे नाही, पण तत्त्व तेच.

काउंटरवर पैसे देण्याआधी बॉक्स उघडायला सांगा. चांगला दुकानदार स्वतःच उघडून फिरवून दाखवतो. पहिले, फ्लॅपच्या आत किंवा तळाशी छापलेला लॉट नंबर, सगळ्या बॉक्सवर तोच आहे का. मग बुडाचा प्रायमर पाहा: तो पुंगळीच्या तळाशी सपाट किंवा केसभर आत असावा. बोटाचे पेर फिरवले आणि उंचवटा लागला तर तो बॉक्स परत. चार-पाच काडतुसे शेजारी उभी करून उंची बघा. एखादे बुटके दिसले तर गोळी पुंगळीत आत सरकली आहे. तेवढ्याने आतली जागा कमी होते आणि दाब धोकादायक वाढतो. पितळेवर हिरवट डाग, पांढरी बुरशीसारखी पूड, पोचा, असे काही असेल तरही नको. गोळीला छोटे लोहचुंबक लावून पाहा. चिकटले तर आवरणात पोलाद आहे, आणि बहुतेक बंदिस्त रेंज असला माल आत घेऊ देत नाहीत, कारण मागच्या पोलादी भिंतीवर ठिणग्या पडतात आणि भिंतीची झीज होते. छोट्या दुकानदाराला गावातल्या रेंजचे नियम पाठ असतात, हा एक सोपा फायदा.

छोट्या दुकानाची एक गोष्ट मात्र मला अजिबात मान्य नाही. काउंटरवर झिपच्या पिशवीत ठेवलेली, कुणीतरी घरी भरलेली काडतुसे. स्वस्त असतात, ‘आमचा माणूस चांगला भरतो’ असे सांगतात. घेऊ नका. कोणती पूड, किती ग्रेन, हे लिहिलेले नसते, आणि दुप्पट पूड पडलेली एक गोळी पिस्तूल फोडायला पुरते. वर बहुतेक बंदूक कंपन्या अशा मालावर वॉरंटी नाकारतात. कारखान्यात पुन्हा भरलेला, लेबल, पत्ता आणि लॉट नंबर असलेला माल वेगळा, तरी नवशिक्याने तोही टाळावा. जत्रेतल्यासारख्या भरणाऱ्या गन शोमध्येही हाच नियम.

स्वसंरक्षणासाठी जेएचपी, म्हणजे पोकळ टोकाची गोळी घ्याल तर २० च्या रंगीत बॉक्सवर थांबू नका. छोट्या दुकानात आणि ऑनलाइन पोलिसांसाठीच्या पॅकिंगचे ५० चे साधे बॉक्स मिळतात, गोळी तीच आणि प्रति गोळी बरीच स्वस्त. आपल्या प्रत्येक मॅगझीनमधून मिळून निदान ५० गोळ्या न अडकता गेल्याशिवाय तिच्यावर भरवसा नाही. बॉक्सवर ‘+पी’ (जास्त दाबाचे काडतूस) असेल तर पिस्तुलाच्या माहितीपुस्तिकेत त्याला परवानगी आहे का ते वाचा. साध्या ९ एमएमची दाबमर्यादा ३५,००० पीएसआय आहे, +पी ची ३८,५००. आणि तेच एक काडतूस रोज चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) भरून काढत राहू नका. चेंबरच्या तोंडच्या उतारावर आपटून आपटून गोळी पुंगळीत आत सरकते.

.३०८ साठी भाव बघूच नका. शिकारीला वर्षात वीस-पंचवीस गोळ्या लागतात. एकाच लॉटचे तीन बॉक्स, म्हणजे ६०, एकदम घ्या: वीस झिरो करायला (रायफलीचा नेम जुळवायला), बाकीच्या दोन हंगामांना. १५० किंवा १६५ ग्रेनची, बॉक्सवर हरणासाठी असे सांगणारी फुलणारी गोळी. १६८ ग्रेनची ‘मॅच’ लिहिलेली पोकळ टोकाची गोळी कागदासाठी असते, पूर्ण आवरणाची लष्करी गोळी जनावर न पाडता आरपार जाऊन त्याला जखमी करते आणि अनेक राज्यांत शिकारीला बंदच आहे. कारखान्यांच्या रिबेटच्या योजना हंगामाच्या तोंडावर निघतात. त्या दोन्हीकडच्या खरेदीवर चालतात, बिल आणि बॉक्सवरचा बारकोड जपा.

तुटवड्याचा विचार आधीच करा. २०१३ मध्ये .२२ दिसेनाशी झाली, २०२०-२१ मध्ये ९ एमएमचा भाव दुपटीच्या वर गेला. अशा वेळी मोठ्या दुकानात माल उतरायच्या दिवशी पहाटे रांग लागते आणि माणशी एक-दोन बॉक्स मिळतात. छोटा दुकानदार उरलेला माल ओळखीच्या गिऱ्हाइकांना पुरवून पुरवून देतो. महिन्याला २०० गोळ्या लागत असतील तर पाच महिन्यांची, म्हणजे एक केस, घरात असू द्या. त्याहून जास्त कशाला.

ती केस गॅरेजमध्ये किंवा गाडीच्या डिकीत नको, टेक्सासच्या उन्हाळ्यात तर नकोच. घराच्या आतल्या कपाटात, रबरी गॅस्केटच्या लोखंडी डब्यात, ओलावा शोषणारी पुडी टाकून, कुलपात, मुलांच्या हाताबाहेर. सुटी गोळी डब्यात ओतणार असाल तर लॉट नंबरचा फ्लॅप कापून आत टाका. कंपन्या सदोष लॉट परत मागवतात तेव्हा तोच तुकडा विचारतात.

रेंजवर कधी ‘ठो’ ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, धक्का जाणवला नाही, तर तिथेच थांबा. स्लाइड ओढून दुसरी गोळी भरू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते, आणि तिच्यामागून दुसरी सुटली तर नळी फुगते किंवा फुटते. नळीचे तोंड निशाणाकडे ठेवून मॅगझीन काढा, चेंबर रिकामे करा, मग नळीत सळई घालून पाहा. ट्रिगर दाबून काहीच झाले नाही तर नळीचे तोंड निशाणाकडे धरून तीस सेकंद थांबा, मगच काढा. तो बॉक्स उरलेल्या गोळ्यांसह बाजूला ठेवा आणि कंपनीला लॉट नंबर कळवा. छोटा दुकानदार अशा वेळी घाऊक व्यापाऱ्याला फोन लावतो, मोठे दुकान तुम्हाला कंपनीचा नंबर देते.

एक शेवटची खबरदारी, भारतात जाणाऱ्यांसाठी. आपल्याकडे काडतूस परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर नोंद करून, ठरलेल्या संख्येत मिळते, आणि परवान्याशिवाय एक काडतूस सापडणेसुद्धा शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे. रेंजला नेलेली पाठपिशवी प्रवासाला वापरली आणि अस्तरात एक .२२ राहिली, तर मुंबईच्या विमानतळावर क्ष-किरणात ती स्पष्ट दिसते. नकळत राहिले होते हे पटून न्यायालयांनी असे गुन्हे रद्द केलेले आहेत, पण तोवर पोलीस ठाणे, वकील आणि चुकलेले विमान हे सगळे होऊन गेलेले असते. रेंजची पिशवी वेगळीच ठेवा, आणि निघण्याच्या आदल्या रात्री प्रवासाच्या बॅगा पलंगावर उलट्या करून प्रत्येक कप्प्यात, शिवणीत हात घालून बघा. जॅकेटचे खिसेही.